शनिवारची उंडी

उंडीला वार कळत नाही, ही आमच्या घराची जुनी अडचण.

उंडीच्या झाडाचं फळ पडलं, कवच फोडलं, की आतून पांढराफेक गोल गर निघतो. त्या वेळी त्यात तेल म्हणाल तर नावाला. अंगणात पसरून आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवायचा. आधी पिवळट होतो, मग तांबूस, मग तपकिरी, आणि एक दिवस परतताना बोटांना तेल लागतं. कुठून येतं कोण जाणे. पेणच्या वाचनालयात झाडांवरचं एक जाडं पुस्तक आहे, त्यात मी शोधलं. ‘वाळवल्यावर तेलाचे प्रमाण वाढते’ असं लिहिलंय. एवढं तर आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

पण रोज परतायला हवी. आई सांगायची, एक दिवस चुकला की खालची बाजू घामेजते, घामेजली की बुरशी, आणि बुरशीचं तेल होडीलासुद्धा लावू नये. आणि आम्ही पडलो शनिवार तेली. कोकणात आम्हा बेने इस्राएलींना लोक याच नावाने ओळखायचे: तेल गाळणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आता घाणा विजेवर चालतो, पडवीत बसतो, मिक्सरच्या थोरल्या भावासारखा दिसतो. शनिवारी तोही बंद. घाणा बंद ठेवता येतो. अंगणातल्या उंडीला काय सांगणार?

म्हणून शनिवारची उंडी शेजारच्या घराकडे. मालतीवैनींची सासू माझ्या आईसाठी परतायची, आणि मालतीवैनी लग्न होऊन आल्या तशा त्या परतू लागल्या. आमची आणि त्यांची परसदारं समोरासमोर, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सांजेला दिवा लावल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत, आपण काम करायचं नाही, आणि दुसऱ्याला ‘कर’ असंही सांगायचं नाही. पण ऊन चांगलं पडलंय एवढं म्हणायला कोणाची बंदी नाही. आई ओट्यावर बसून कुंपणाकडे तोंड करून म्हणायची, “आज ऊन मस्त पडलंय.” की पलीकडून पदर खोचत कोणीतरी यायचं. आईनंतर ते वाक्य माझ्याकडे आलं. इतक्या वर्षांत ‘वैनी, उंडी परता’ असं माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. तशीच मी शनिवारी टीव्हीही लावत नाही. वैनींनी लावला तर बघते.

माझं नाव तामार. आमच्या धर्मग्रंथाच्या भाषेत त्याचा अर्थ खजुराचं झाड. नाव खजुराचं ठेवलं आणि आयुष्य गेलं उंडीत. लग्नासाठी माझ्या जोगते मुलगे एकेक करून इस्राएलला गेले, भाऊ रूबेनही गेला, आईवडील इथल्याच मातीत गेले. रूबेन फोनवर म्हणतो, “ये ना इकडे, तिथे आता कोण आहे तुझं?” मी म्हणते, पुण्याची साबणवाली बाई आहे, धरमतरचे दोन होडीवाले आहेत, आणि गडबपासून नागोठण्यापर्यंतचे सगळे दुखरे गुडघे आहेत. पुण्याची ती बाई माझं तेल लहान लहान बाटल्यांत भरते आणि वर ‘तमानू’ असं परदेशी नाव लिहिते. लिहू दे. मालतीवैनी आहेत, हे मात्र मी रूबेनला कधी सांगितलं नाही. ते सांगायची गोष्ट आहे असं वाटलंच नव्हतं.

नवरात्र संपल्यावरच्या शनिवारी वैनी आल्या, ताडपत्री उचलली, खाली बसून दोन्ही हातांनी गर उलटसुलट करू लागल्या. मी ओट्यावर.

“या वर्षी वटवाघळांनी बरीच टाकलीय,” त्या म्हणाल्या.

तळ्याकाठच्या चिंचेवर वटवाघळं राहतात. खाडीच्या बांधावरच्या झाडांवरून रात्री उंडीची फळं आणतात, वरचा मगज खातात आणि बी खाली टाकतात. सकाळी चिंचेखालून मी वेचून आणते. बिनपगारी माणसं, शनिवारीही सुट्टी घेत नाहीत.

“अनय काल आला होता,” वैनी खाली बघतच म्हणाल्या. अनय त्यांचा मुलगा, रोह्याला कंपनीत असतो. “म्हणतो, आता एकटीने नको राहूस. सुनेची हॉस्पिटलात शिफ्ट, याची कंपनीत शिफ्ट, नातीला, तनयाला, बघायला कोणी नाही. म्हणतो, चल.”

“मग?”

“मग काय. तो म्हणतो चल.”

वैनींचे यजमान मोरोपंत जाऊन दोन पावसाळे झाले होते. मास्तर माणूस, शाळेतून रिटायर झाले तरी बायकोला हजेरी चुकू दिली नाही कधी. ते गेल्यापासून वैनींचा आवाज जरा मोठा झाला होता, आणि तो मला आवडायला लागला होता.

वैनींचे हात थांबले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि बघतच राहिल्या. मला एक वाक्य बोलायचं होतं. साधं, चार शब्दांचं. पण आमच्या ओट्यावर बसून कोणी कधी सरळ काही मागितलेलं नाही. मी म्हटलं, “रोह्याला पाणी चांगलं येतं म्हणतात.”

माझा अर्थ होता: इथेही येतं, पण काय करायचंय पाण्याशी, आपलं माणूस कुठे आहे ते बघा. शनिवारच्या ‘ऊन मस्त पडलंय’ सारखंच बोलले मी. तेवढ्याने त्या उठून यायच्या ना? यावेळीही कळेल असं वाटलं.

“हो का,” वैनी म्हणाल्या. राहिलेला कोपरा परतला, हात झटकले आणि गेल्या. टीव्ही लावून द्यायला विसरल्या.

पुढच्या गुरुवारी अनय गाडी घेऊन आला. दोन बॅगा, देव्हारा, पाटा. वरवंटा राहिला म्हणून परत फिरले, तेव्हा मी कुंपणापाशीच होते. वैनी म्हणाल्या, “तामे, किल्ली तुझ्याकडे राहू दे.” मी म्हटलं, “राहू दे.” झालं.

शुक्रवारी दुपारी मी शनिवारचा स्वयंपाक उरकला, वालाचं बिरडं, भात, आणि पेणच्या पोह्यांचा गोड मलिदा, जो एकटीसाठी कोणी करत नाही तो. मग अंगणात उंडीसमोर उभी राहिले. ताडपत्री घालून ठेवली तर शनिवारभर खाली उबून जाणार. उघडी ठेवली तर निदान ऊन तरी लागेल. आकाश निरभ्र होतं. उघडीच ठेवली, दिवा लावला.

शनिवारी सकाळी ओट्यावर बसले. सवयीने कुंपणाकडे तोंड केलं आणि म्हटलं, “आज ऊन मस्त पडलंय.” कुंपणावर एक दयाळ बसला होता, तो उडून गेला.

दुपारनंतर नागोठण्याच्या बाजूने काळं भरून आलं. परतीचा पाऊस म्हणतात तो, पण त्या दिवशी परतण्यासारखं काही दिसत नव्हतं त्याच्यात. रस्त्यावरून पोह्यांच्या मिलचा प्रवीण टेम्पो घेऊन चालला होता. मला बघून हळू केला.

“काकी, बरी हाव ना?”

“बरी आहे. ऊन गेलं वाटतं.”

“व्हय, येनार आता.”

“अंगण सगळं उघडं आहे.”

“सगल्यांचीच उघडी हायत काकी. माझे पन पोहे पसरलेत, म्हनून तर पलतोय!” आणि गेला. त्याचं काय चुकलं? पोराला कोणी शिकवलंय, की ‘ऊन गेलं’ म्हणजे ‘अरे, उतर आणि ताडपत्री घाल’?

थेंब पडायला लागले. ताडपत्री पडवीत, माझ्यापासून हाताच्या अंतरावर गुंडाळलेली. उठून टाकली असती तर कोण बघणार होतं? गावात आमचं दुसरं घर नाही. पेणला प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमले तर तो सण. माझा शब्बाथ मोडला तरी कोणाच्या हिशोबात येणार नव्हता, आणि पाळला तरी येणार नव्हता. पाळला. आईशी बोलल्यासारखं मनात काही बोलत बसले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं काही नाही. मी बसून राहिले आणि पाऊस बघितला. गर पाण्यात तरंगायला लागले, दोन-चार वाहत वाहत गटारापर्यंत गेले. मला राग आला होता, आणि तो पावसाचा नव्हता.

रविवारी सकाळी निम्मी उंडी टाकून दिली. राहिलेली पुसून पुन्हा पसरली. आणि मनाशी ठरवलं: एक तर हे काम बंद करायचं, घाणा विकायचा, रूबेनला सांगायचं की तिकीट बघ; नाही तर रोह्याला जायचं आणि तोंड उघडायचं.

सोमवारी हायवेवर उभं राहून रोह्याची गाडी पकडली. मांडीवर तेलाची बाटली. शेजारच्या बाईने नाक आवळलं, उंडीच्या वासाला लोक असं करतात. मी वाक्य घोकत होते. ‘वैनी, परत या.’ दर थांब्याला त्यात एक शब्द वाढायचा. नागोठण्याला ‘वैनी, शक्य असेल तर परत या’ झालं. कोलाडला ‘तनया जरा मोठी झाली की’ असं शेपूट लागलं. कुंडलिका ओलांडेपर्यंत अर्ज झाला होता, खाली सही करायची राहिली होती.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दार वैनींनीच उघडलं. आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आलीस? सोमवारी? घाणा बंद ठेवून?”

“गुडघ्यांना तेल आणलं.”

“माझे गुडघे बरे आहेत. इथे लिफ्ट आहे.” मग आत वळून, “तनया, ही तामारआजी. पाया पड. नाही, राहू दे, त्यांच्यात नसतं तसं. नुसतं हॅलो कर.”

तनयाने नुसतं हॅलो केलं आणि मोबाइलकडे गेली. आम्ही गॅलरीत बसलो. खाली पार्किंग, पलीकडे दुसऱ्या इमारतीची गॅलरी, तिच्यात वाळत घातलेले कपडे. वाऱ्यावर कारखान्यांच्या बाजूचा कसलासा वास येत होता. वैनींनी चहा दिला. त्यांच्या हातची साखर जास्त व्हायची, तशी झाली नव्हती.

“उंडी कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“भिजली शनिवारी. निम्मी गेली.”

“भिजली म्हणजे? बाहेर होती?”

“मग कुठे असणार?”

वैनींनी कप खाली ठेवला. “अगो बाई, शुक्रवारी संध्याकाळी गोळा करून आत घ्यायची. पलंगावर पसर, वर पंखा लावून ठेव, शनिवारभर फिरत राहील. एक दिवस ऊन नाही लागलं तर काय मरत नाही ती. पंखे नव्हते तेव्हा सासूबाई म्हणायच्या, चुलीवरच्या माळ्यावर टाकली तरी भागेल यांचं.”

“म्हणजे तुमच्या सासूला माहीत होतं?”

“माहीत असायला काय ते मोठं शास्त्र आहे? तुझ्या आईलाही माहीत असणार. आयुष्यभर तेल गाळलं त्या बाईने.”

“मग तुम्ही दर शनिवारी कशाला यायच्यात?”

वैनी हसल्या. गॅलरीच्या गजांतून खाली बघत म्हणाल्या, “लग्न झालं तेव्हा आमच्या घरात सुनेने कारणाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. देवळात जायचं तर सोबत, विहिरीवर जायचं तर घागर. पहिल्या शनिवारी सासूबाई हळूच म्हणाल्या, शेजारी त्यांचं अडतं, आपण नाही म्हणू नये, पुण्य लागतं. उंडी परतून ये, तासभर लागेल. गेले. काम दहा मिनिटांत झालं. मी परत निघाले तर तुझी आई म्हणाली, अजून तो कोपरा नीट झाला नाही वाटतं. मला वाटलं काय खडूस बाई आहे. कोपरा तर चांगला झाला होता. मग कळलं, तिला मला जरा बसवून घ्यायचं होतं. सासूबाईंनी मोकळा तासभर मला दिला, गो. आपला दिला. त्यानंतर त्या स्वतः कधी तुमच्या अंगणात आल्या नाहीत.”

इतकी वर्षं मी समजत होते की त्या आमच्यावर उपकार करतात, आणि उपकार कसे फेडायचे म्हणून त्यांच्या दिव्यांना फुकट तेल देत होते.

“आणि मोरोपंत गेल्यावर?” मी विचारलं. “तेव्हा तर उंबऱ्याचं काही नव्हतं.”

“तेव्हा सवय होती,” त्या म्हणाल्या. मग रिकामे कप उचलत, “तू म्हणालीस रोह्याला पाणी चांगलं येतं.”

“म्हणाले.”

“मला वाटलं, हिला काही अडत नाही.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. अर्जसुद्धा तयार होता. पण तनया भूक लागली म्हणत आली, वैनी उठल्या, तिच्यासाठी नूडल्स टाकल्या, चमचा हरवला तो शोधला, आणि मला चारची गाडी होती. दारात वैनी म्हणाल्या, “पंखा दोनवर ठेव. पाचवर ठेवलास तर वीजबिल येईल, तेल नाही.” मी मान डोलावली. जिना उतरताना लक्षात आलं की लिफ्ट होती.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. एका अर्थाने सगळं सुटलं होतं. घाणा विकायची गरज नव्हती, शनिवारही मोडायला नको, तिकीटही नको. फक्त पंखा हवा, आणि तो होता.

आठवडाभर ऊन चांगलं पडलं. वाचलेली उंडी तांबूस झाली, चिंचेखालून आणखी टोपलीभर आली. प्रवीण एकदा स्वतःहून उतरून बघून गेला, “काकी, त्या दिवशी तुमचं भिजलं काय वो? सांगायचं ना!” मी म्हटलं, सांगितलं होतं. तो डोकं खाजवत गेला.

शुक्रवारी चार वाजता मी सगळी उंडी टोपल्यांत भरली, आत आणली, आईच्या पलंगावर चादर घालून पसरली. पंखा दोनवर. मोठा पलंग, त्यावर इवले इवले तपकिरी गर, वर पंख्याची घरघर. सगळं झाकपाक, सुरक्षित. खोलीत वास भरला. अंगण झाडलं. इतकं रिकामं अंगण मी ऑक्टोबरात कधी बघितलं नव्हतं. उद्या दिवसभर त्यात परतायला काही नसणार, कोणी यायला काही नसणार. आईच्या पलंगाच्या कडेवर बसले तर गर घरंगळून मांडीशी आले.

सूर्य खाडीकडे उतरत होता. दिवा लावायला अजून थोडा वेळ होता, म्हणजे फोन करता येणार होता. लावला.

“घेतलीस आत?” वैनींनी हॅलोच्या ऐवजी विचारलं.

“घेतली.”

“पंखा?”

“दोनवर.”

“मग झालं तर.”

“वैनी,” मी म्हटलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, शेजारणीशी बोलताना, मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. “उद्या या.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“काय काम आहे?”

“काम काही नाही. नुसत्याच या. तनयाला घेऊन या. बिरडं केलंय. ओट्यावर बसू.”

“नुसतंच?”

“नुसतंच.”

त्या आवाज खाली आणून, जणू कोणी ऐकत असावं तशा, म्हणाल्या, “नुसतं कसं यायचं गो? अनयला काय सांगू? त्याची उद्या सुट्टी आहे, म्हणेल एक दिवस घरात सगळे आहोत तर तू कुठे निघालीस. काहीतरी सांगावं तर लागेल.”

साठीची बाई, तीन मजले वर, स्वतःच्या मुलाच्या घरात. मला हसू आलं, आणि ते पुढे कुठे जाणार ते कळल्यावर मी थांबवलं.

“सांगा, तामारची उंडी परतायचीय,” मी म्हटलं.

“पण ती तर तू आत घेतलीस.”

“बाहेर काढते.”

“वेडी आहेस. पाऊस आला तर?”

“आला तर येईल.”

“मी येईनच असं नाही हं, तामे. अनयने गाडी काढली तर. सुनेला डोकं दुखलं तर नाही जमायचं.”

“बरं.”

“बघते,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी पंखा बंद केला. चादरीची चारी टोकं धरून उंडी टोपल्यांत ओतली, एकेक टोपली कमरेवर घेऊन अंगणात आणली. झाडलेल्या जागेवर पुन्हा पसरली, कोपऱ्यापर्यंत. मग ताडपत्री घातली आणि चारी बाजूंना दगड ठेवले, जड जड, उद्या मोह झाला तरी मला एकटीला चटकन हलवता येणार नाहीत असे. आता कोणी येऊन परतली नाही तर ती उबणार, घामेजणार, सगळी वाया जाणार. म्हणजे अनयला सांगायचं कारण खोटं राहणार नव्हतं. नागोठण्याच्या बाजूला बघितलं. एक ढग होता, पावसाचा की नाही ते सांगता येत नव्हतं.

हात धुतले, तेलाचा वास जायचा नव्हता तो गेला नाही, आणि शब्बाथच्या दिव्यात पाण्यावर तेल ओतायला आत गेले.